उत्तराआधी कारण : कर्करोग-विशेषज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांसाठीच्या एका वर्षभराच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे कर्करोगावरच्या औषधोपचाराच्या, विशेष प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी एका शिक्षण-सेवेचा वर्षभराचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला आणि तो नुकताच पूर्ण केला. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या एकाच प्रशिक्षणार्थीच्या अनुभवातल्या आहेत आणि त्यांतल्या काही तर मला कोणती माणसे लाभली यावर अवलंबून होत्या. पण अशा सेवांची घडण साधारण सारखीच असते : दर आठवड्याला एक रुग्णकथा, दर महिन्याला एका ट्रायलचे, म्हणजे रुग्णांवर झालेल्या उपचार-चाचणीचे, वाचन, रुग्णाशी बोलण्याचा सराव, सोबत एक वैयक्तिक मार्गदर्शक आणि वर्षाअखेर एक संशोधन-प्रस्ताव. त्यामुळे जे डॉक्टर अशी एखादी सेवा घ्यावी की नाही या विचारात आहेत, त्यांना नेमके काय तपासावे हे या लिखाणावरून ठरवता यावे, एवढी अपेक्षा आहे.

मुळात वॉर्डात दिवसभर राबणाऱ्या डॉक्टरला आणखी अभ्यासक्रम कशाला हवा, हा प्रश्न मला वरिष्ठांनीही विचारला होता. वॉर्ड शिकवतो यात शंका नाही, पण जो रुग्ण समोर येतो तेवढेच शिकवतो. सहा महिने स्तनाच्या कर्करोगाच्या ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला त्या काळात वृषणाच्या कर्करोगाचा एकही रुग्ण दिसत नाही, आणि पुढे तो अचानक समोर आला की बरा होण्याजोगा आजार हाताळताना हात चाचपडतो. युरोपची एस्मो आणि अमेरिकेची एएससीओ या संघटनांनी मिळून मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या प्रशिक्षणाचा जागतिक अभ्यासक्रम २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या २०१०, २०१६ आणि २०२३ मध्ये निघाल्या. इतक्या वेळा तो नव्याने लिहावा लागला, यावरूनच या शाखेतले ज्ञान किती वेगाने जुने होते ते कळते. कर्करोगातल्या नेमक्या बिघाडावर चालणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली २००१ मध्ये आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इपिलिमुमॅबला २०११ मध्ये; या एका दशकात ज्यांचे प्रशिक्षण झाले, त्यांना शिकता शिकताच जुने शिकलेले बाजूला ठेवावे लागले असणार. म्हणून अभ्यासक्रमात माहिती किती आहे यापेक्षा विचार करण्याची कोणती सवय तो लावतो, हे मी वर्षभर पाहत राहिले.

ही सवय लावण्याची या सेवेची युक्ती अगदी साधी आहे. रुग्णकथेच्या शेवटी प्रश्न येतो, उत्तर द्यायचे असते, आणि त्या उत्तराचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहिल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. सुरुवातीला मला याचा कंटाळा आला होता. रात्रीची ड्युटी संपवून बसल्यावर चार पर्यायांपैकी एकावर खूण करणे सोपे असते, चार ओळी लिहिणे जड जाते. तिसऱ्या आठवड्यातल्या एका रुग्णकथेने माझे मत बदलले, आणि ती येथे थोडी सविस्तर सांगते.

५८ वर्षांची स्त्री, अंडाशयाचा पोटभर पसरलेला कर्करोग, पोटात पाणी, वजन ६२ किलो, रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारे आणि किडनी गाळून टाकते ते टाकाऊ द्रव्य) दर डेसिलिटरला ०.४ मिलिग्रॅम. कार्बोप्लॅटिन हे केमोचे औषध एयूसी ५ (एयूसी म्हणजे रक्तात औषधाचा एकूण किती मारा व्हावा त्याचे माप) या हिशेबाने द्यायचे आहे, तर किती मिलिग्रॅम लिहाल, असा प्रश्न होता. कॅल्व्हर्ट यांचे १९८९ चे सूत्र आम्हा सर्वांना पाठ असते : किडनीच्या गाळणीचा वेग म्हणजे जीएफआर, त्यात २५ मिळवायचे आणि आलेल्या संख्येला एयूसीने गुणायचे. वय, वजन आणि क्रिएटिनिन नेहमीच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घातल्यावर जीएफआर १५० आला, म्हणून मी ८७५ मिलिग्रॅम असे उत्तर दिले आणि कारणाच्या जागी दोन्ही सूत्रे लिहून मोकळी झाले. पुढच्या पानावर चूक की बरोबर असे काहीच नव्हते, फक्त तीन प्रश्न होते. या ६२ किलोंमध्ये बाई किती आणि पाणी किती? क्रिएटिनिन ०.४ आहे ते किडनी उत्तम आहे म्हणून, की आजाराने स्नायूच झिजून गेले आहेत म्हणून? आणि ५८ व्या वर्षी, या अवस्थेतल्या रुग्णाची किडनी खरोखर मिनिटाला १५० मिलिलिटर गाळत असेल, असे तुम्हाला वाटते का?

मग हिशेब टप्प्याटप्प्याने उलगडला. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१० मध्ये सांगितल्याप्रमाणे अंदाजाने काढलेला जीएफआर १२५ च्या वर धरायचा नाही, एवढे एक पथ्य पाळले तरी डोस ७५० वर येतो. पोटातले सहा लिटर पाणी काढल्यावर वजन ५६ किलो भरले, आणि झिजलेल्या रुग्णात क्रिएटिनिन किमान ०.७ धरण्याची जी पद्धत काही केंद्रांत आहे ती लावली, तर जीएफआर ७७ च्या आसपास येतो आणि डोस सुमारे ५१० मिलिग्रॅम होतो. सूत्र तेच, बाई तीच, आणि ८७५ व ५१० या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्याचा अर्थ प्लेटलेट कोसळणे, रक्तस्राव आणि केमोची पुढची फेरी लांबणे असा होऊ शकतो. माझे गणित कुठेही चुकले नव्हते, चूक होती ती गणितात काय घातले याकडे न पाहण्याची, आणि नुसत्या पर्यायावर खूण केली असती तर ती मला कधीच दिसली नसती. तेव्हापासून कार्बोप्लॅटिन लिहिण्याआधी मी रुग्णाच्या दंडाकडे आणि पोटाकडे बघते, मग कागदाकडे.

लिहिलेली कारणे शिक्षक खरोखर वाचतात, हे या सेवेचे दुसरे बलस्थान आहे. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणारे औषध, चालू असलेल्या एका रुग्णाला नेहमीपेक्षा दिवसाला सहा वेळा जास्त जुलाब होत आहेत, अशा कथेत मी त्याची श्रेणी बरोबर लावली होती. कर्करोग-उपचारांच्या दुष्परिणामांची तीव्रता मोजणाऱ्या २०१७ च्या सीटीसीएई ५.० या मोजपट्टीत नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त म्हणजे दुसरी श्रेणी. पण उपाय म्हणून मी केमोच्या जुलाबासारखे नुसते लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध देऊन दोन दिवसांनी बोलवायचे ठरवले होते. शिक्षकांनी खाली लिहिले होते : "श्रेणी आकड्याने बरोबर लागली आहे, पण हा जुलाब कुणी घडवला याचे उत्तर तुमच्या चार ओळींत नाही." केमोने आतड्याचे अस्तर दुखावते, आणि इथे रुग्णाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटलेली असू शकते; म्हणून औषधाचा पुढचा डोस थांबवणे, संसर्ग नाही ना हे तपासणे आणि स्टेरॉइडचा निर्णय वेळेत घेणे महत्त्वाचे ठरते. असा एका वाक्याचा शेरा मला दहा व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगी पडला. शेरे साधारण आठवड्याभरात येत, क्वचित उशीर होई.

ट्रायल-वाचनाचे मासिक वर्ग बारापैकी नऊ मी प्रत्यक्ष केले आणि तीन नंतर ध्वनिमुद्रण पाहून केले. हा भाग प्रत्यक्षच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वर्गात आम्हाला औषधांची नावे झाकून फक्त एक आलेख दाखवला होता. कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेल्या पद्धतीने काढलेल्या, आजार न वाढलेले रुग्ण किती उरले हे दाखवणाऱ्या, दोन उपचारांच्या दोन रेषा, ज्या पहिले काही महिने एका बाजूने चालतात आणि मग एकमेकींना छेदून जागा बदलतात. हॅझर्ड रेशो, म्हणजे दुसऱ्या उपचारात आजार वाढण्याचा धोका पहिल्याच्या किती पट आहे तो आकडा, ०.७४ असा दिला होता. मी लगेच लिहिले की दुसरा उपचार सरस आहे. शिक्षिकेने विचारले, "कुणासाठी?" आणि आमच्यातले कुणीच बोलेना.

तो आयपास ट्रायलचा आलेख होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला, फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाच्या १,२१७ रुग्णांवरचा, ज्यात जेफिटिनिब या गोळीची तुलना कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोशी केली होती आणि आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मोजला होता. पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या रुग्णांत हॅझर्ड रेशो ०.४८, म्हणजे गोळीचा मोठा फायदा. बदल नसलेल्यांत २.८५, म्हणजे गोळीने उघड नुकसान. छेदणाऱ्या त्या दोन रेषांमध्ये दोन वेगवेगळे आजार एकत्र दळले गेले होते, आणि ०.७४ हा आकडा त्यांतल्या कुणाचाच नव्हता. मग शिक्षिकेने आम्हाला आलेखाखालची, किती रुग्ण अजून निरीक्षणात आहेत हे सांगणारी ओळ मोठ्याने वाचायला लावली, आणि जिथे ती संख्या अगदी थोडी उरते तिथून उजवीकडचा भाग कागदाने झाकायला सांगितला. झाकल्यावर आलेख किती आखूड उरतो ते पाहून मला धक्का बसला. परिषदेत पडद्यावर आलेख झळकला की माझी नजर आता आधी त्या खालच्या ओळीकडे जाते.

या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा भाग मात्र रुग्णाशी बोलण्याचा सराव हा आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी ठेवला आहे. वर्षात फक्त तीन सत्रे. प्रत्येक सत्रात तीन प्रशिक्षणार्थी, रुग्णाची भूमिका करणारी एक अभिनेत्री आणि एक शिक्षक असतात. वाईट बातमी सांगण्याची जी स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० मध्ये मांडली गेली, ती आम्ही सगळ्यांनी वाचलेली होती : जागा आणि वेळ नीट ठरवणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, किती ऐकायचे आहे ते विचारणे, मग माहिती देणे, भावनांना वाट देणे आणि शेवटी पुढची आखणी सांगणे. वाचलेले आणि जमणारे यांत किती अंतर असते, ते पहिल्या सत्रातच कळले.

मला सांगायचे होते की दुसऱ्या टप्प्यातल्या औषधांनाही आजाराने दाद दिलेली नाही. मी बसले, नमस्कार केला आणि बोलायला लागले. स्कॅनमध्ये काय दिसते, गाठी किती मिलिमीटरने वाढल्या, कोणती औषधे उरली आहेत, त्यांचे दुष्परिणाम कोणते. शिक्षकांनी थांबवले तेव्हा त्यांच्या कागदावर दोनच नोंदी होत्या : मी सलग तीन मिनिटांहून अधिक वेळ बोलत होते, आणि रुग्ण त्या वेळात एकच शब्द बोलली होती, तो म्हणजे "हो". दुसऱ्या फेरीत मी फक्त एवढेच विचारले, "आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलं गेलं आहे?" ती म्हणाली, "औषध बदलणार आहेत, एवढंच." म्हणजे आजार वाढला आहे, ही गोष्टच तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती, आणि मी पहिल्या फेरीत तिला मिलिमीटर सांगत होते. त्यानंतर मी आजार वाढला आहे एवढे एकच वाक्य सांगितले आणि गप्प राहिले. ते गप्प राहणे मला फार कठीण गेले, हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवावे लागले. त्या शांततेनंतर तिने स्वतःच विचारले की मुलीच्या परीक्षेपर्यंत आपण घरी असू का. ती अभिनय करते आहे हे माहीत असूनही माझा आवाज बदलला.

याच सत्रात एका सहकाऱ्याने शंका काढली की पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या काळजीचे, नाव काढले की रुग्ण आशा सोडतो, म्हणून ते शेवटी काढावे. त्यावर शिक्षकांनी उपदेश केला नाही, २०१० चा एक अभ्यास समोर ठेवला : पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचाराबरोबर पॅलिएटिव्ह केअरही मिळाली. त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, खिन्नता कमी आढळली, शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही मध्यम आयुर्मान ११.६ महिने भरले, तर दुसऱ्या गटात ते ८.९ महिने होते. ही माहिती मला आधीही होती. पण ती बोलण्याच्या सरावाच्या खोलीत आल्यामुळे रुग्णासमोर कोणत्या शब्दांत आणायची, हे प्रथमच सुचले. अशी सत्रे दर महिन्याला असायला हवीत आणि त्यासाठी काही व्याख्याने काढून टाकली तरी चालतील, असे मी सेवेला लेखी कळवले आहे.

मार्गदर्शकाच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. पहिल्या चार महिन्यांत मला दिलेल्या मार्गदर्शकांनी तीनपैकी दोन भेटी ऐनवेळी रद्द केल्या, तिसऱ्या भेटीत माझा बायोडेटा कसा मांडावा यावर वीस मिनिटे बोलले, आणि माझे काम काय आहे हे विचारले नाही. बदल मागितल्यावर तो मिळाला, हे सेवेच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दुसऱ्या मार्गदर्शक वेगळ्याच होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीआधी एक काम दिले : प्रशिक्षण संपून पाच वर्षे झाल्यावरचा, कुठलाही साधा, कामाचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून आणा. मी तीन निरनिराळे दिवस लिहिले, कारण प्रयोगशाळेतले संशोधन, क्लिनिकल ट्रायल आणि पूर्णवेळ रुग्णसेवा यांत माझा निर्णय होत नव्हता. त्यांनी ते वाचून दाखवले, तेव्हा लक्षात आले की तिन्ही दिवसांत ट्युमर बोर्ड, म्हणजे रुग्णांचे उपचार ठरवणारी निरनिराळ्या तज्ज्ञांची बैठक, आहे, तिन्हींत ओपीडी आहे, आणि जो दिवस प्रयोगशाळेचा म्हणून लिहिला होता त्यातही मी प्रयोगशाळेत जेमतेम तासभर जात होते. दोन वर्षे ज्या फेलोशिपच्या मागे मी धावत होते तिचा अर्ज मी भरला नाही, आणि त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही.

संशोधन-प्रस्तावही त्यांनीच ओळ न् ओळ वाचला. केमो घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी नर्सने फोन केल्यास इमर्जन्सीत येण्याचे प्रमाण घटते का, असा माझा विषय होता, आणि यश मोजायला मी चार मापे ठेवली होती. "चारांपैकी एकच हो आले आणि तीन नाही आले, तर तुम्ही काय म्हणाल?" असे त्यांनी विचारले, आणि त्या एका प्रश्नाने प्रस्ताव निम्मा झाला. उणीव अशी की संख्याशास्त्रज्ञाशी गाठ दहाव्या महिन्यात घालून दिली गेली, तोवर रुग्णसंख्येचा माझा हिशेब पुरता चुकलेला होता. अमेरिकेत व्हेल येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या क्लिनिकल संशोधन-पद्धतींच्या प्रसिद्ध कार्यशाळेत तरुण कर्करोगतज्ज्ञ आपली कल्पना घेऊन येतात आणि आठवडाभर तज्ज्ञ व संख्याशास्त्रज्ञांच्या सोबतीने बसून तिचा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा सविस्तर आराखडा, लिहितात. तो नमुना इतकी वर्षे डोळ्यांसमोर असताना, वर्षभराच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्रज्ञ पहिल्या तिमाहीतच हवा.

बाकीच्या भागांविषयी थोडक्यात. सरावाच्या प्रश्नांचा संच बरा आहे, पण केवळ परीक्षेच्या तयारीसाठी ही सेवा घेऊ नये. तिचा वेळ त्या कामी वाया जाईल. डॉक्टरांच्या थकव्यावरचा आणि मानसिक ताणावरचा पाठ म्हणजे वीस मिनिटांचे एक व्याख्यान आहे, ज्यात झोप आणि व्यायामाचे महत्त्व सांगितले आहे. एका आठवड्यात ओळखीचे तीन रुग्ण गमावलेल्या प्रशिक्षणार्थीला त्यातून काहीही मिळत नाही, आणि हा विषय इतक्या वरवर हाताळला जावा याचे मला मनापासून वाईट वाटले. आठवड्याला चार ते पाच तास लागतात आणि ते खरेच काढावे लागतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात ही सेवा घेतली तर निम्म्या रुग्णकथा डोक्यावरून जातील, शेवटच्या वर्षात प्रस्तावासाठी वेळ उरणार नाही. दुसरे वर्ष योग्य वाटते.

एक तक्रार राहिली, आणि ती गंभीर आहे. पाठांवर शेवटच्या सुधारणेची तारीख नव्हती. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अवस्था ठरवण्याच्या टीएनएम (मूळ गाठ, लसीका-गाठी आणि दूरचा प्रसार) या पद्धतीची नववी आवृत्ती २०२५ च्या जानेवारीपासून लागू झाली, आणि तिच्यात एन२ ची एन२ए व एन२बी अशी विभागणी आहे, म्हणजे छातीच्या मध्यभागातल्या एकाच ठिकाणच्या लसीका-गाठींत पोचलेला आजार आणि अनेक ठिकाणच्या लसीका-गाठींत पोचलेला आजार आता वेगळे मोजले जातात. या सेवेच्या पाठात मात्र एन२ अखंडच होता, आणि तारीख नसल्याने नव्या विद्यार्थ्याला तो जुना आहे हे कळायला मार्ग नव्हता. मी लेखी कळवल्यावर तीन आठवड्यांत तो पाठ सुधारला गेला आणि त्याच्या तळाशी तारीखही आली. अवस्था ठरवण्याच्या इतर पाठांवर मी अभ्यासक्रम पूर्ण करेपर्यंत ती आलेली नव्हती, म्हणून जे डॉक्टर आता नाव नोंदवतील त्यांनी पाठ उघडल्यावर आधी त्याच्या तळाशी जावे, आणि तारीख नसेल तर पाठ वाचण्याआधी ती मागावी.